घरच्या कॉम्प्युटरची राखण: आधी बॅकअप, मग अँटिव्हायरस

नवा कॉम्प्युटर घेतला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अँटिव्हायरस कोणता टाकू?" बॅकअपसाठी एखादी हार्ड डिस्क देऊ का, असं सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. व्हायरस शिरला तर काढता येतो. नाहीच निघाला तर विंडोज नव्याने टाकता येतं. मशीन जळालं तर दुसरं घेता येतं. मुलीच्या बारशाचे फोटो, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, सोसायटीचे इतक्या वर्षांचे हिशेब मात्र एकदा गेले की गेले. म्हणून इथे आधी प्रती कशा ठेवायच्या ते सांगतो आणि मग व्हायरसला दार कसं लावायचं ते. सूचना विंडोजसाठी आहेत, कारण बहुतेक घरांत तेच असतं. मॅक असेल तर त्यातलं 'टाइम मशीन' बॅकअपचं काम उत्तम करतं, बाकीचं तत्त्व तेच.

१. काय वाचवायचं आहे ते आधी बघा

अर्धा तास काढा आणि आपल्या फाइल कुठे कुठे पसरल्या आहेत ते पाहा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं सगळ्यांना आठवतात. खरा ऐवज असतो तो डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये: बँकेची स्टेटमेंट, सातबाऱ्याची पीडीएफ, मुलांचे निकाल, पासपोर्टचं स्कॅन. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटा बहुधा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात असतो. तो कुठे आहे हे त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दिसतं, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचं वेगळं बटणही असतं.

शक्य असेल तर हे सगळं एकाच मोठ्या फोल्डरात आणा. नाव काहीही द्या, 'घर' दिलं तरी चालेल. आत 'कागदपत्रं', 'फोटो', 'हिशेब' असे पोटविभाग. पुढे बॅकअप घेताना एकच फोल्डर उचलायचं, की काम झालं. काय राहिलं याची रुखरुख राहत नाही.

आता एक गैरसमज, जो मला जवळपास प्रत्येक घरात भेटतो. "माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये सेफ आहे." सी आणि डी या बहुतेक वेळा एकाच डिस्कवर पाडलेल्या दोन खोल्या असतात. विंडोज बिघडलं आणि दुकानदाराने फक्त सी फॉरमॅट मारला तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच मेली तर दोन्ही एकदमच जातात, आणि फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसला सी काय नि डी काय, दोन्ही सारखेच. डी ड्राइव्हमधली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

ज्यांच्याकडे जुन्या मराठी फाइल आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची समान पद्धत, रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर फाइल धडधाकट असूनही उघडल्यावर निव्वळ अगम्य चिन्हांची रांग दिसते. लग्नपत्रिका, संस्थेची घटना, वडिलांच्या कविता असं काही त्यात असेल तर फाइलसोबत त्या फॉन्टची फाइलही बॅकअपमध्ये टाका. आणि फॉन्ट चालू आहे तोवरच प्रत्येकाची एक पीडीएफ करून ठेवा. सवड असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार नीट आले का हे डोळ्यांखालून घालावं लागतं.

२. पहिली प्रत: वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क वेगळी काढून

एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. घरगुती वापराला १ टीबी बहुतेकांना पुरते. नामांकित कंपनीची, पावतीसकट घ्या. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत '२ टीबी पेनड्राइव्ह' दिसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. अशा पेनड्राइव्हच्या आत चिप असते अगदी लहान, पण कॉम्प्युटरला ती आपण २ टीबी आहोत असं खोटंच सांगते. खरी जागा भरल्यावरही कॉपी होत राहते, फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो. उघडायला जावं तर काहीच उघडत नाही. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर अशा ड्राइव्हचं पितळ उघडं पाडतं. तसंही वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची प्रत पेनड्राइव्हवर नकोच.

कृती अशी:

१. डिस्क जोडा. तिच्यावर आजच्या तारखेचं फोल्डर करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा (२०२६-०३-३१), म्हणजे फोल्डरं आपोआप क्रमाने लागतात.

२. 'घर' फोल्डर कॉपी करून त्यात पेस्ट करा. कट नाही, कॉपी.

३. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहा.

४. एखादा जुना फोटो, एखादी एक्सेल, एखादा व्हिडिओ थेट डिस्कवरून उघडून बघा.

५. खाली उजव्या कोपऱ्यातून डिस्क 'इजेक्ट' करा, वायर काढा, कपाटात ठेवा.

दुसऱ्या पायरीतला 'कट' मुद्दाम सांगितला. लॅपटॉपची जागा भरली म्हणून लोक सगळे फोटो एक्स्टर्नल डिस्कवर हलवतात आणि सांगतात, "बॅकअप घेतलाय." प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे, फक्त ती आता जमिनीवर पडू शकणाऱ्या डिस्कवर गेली. दोन ठिकाणी असेल तरच बॅकअप.

पाचवी पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून बरेच जण डिस्क कायम जोडूनच ठेवतात. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला की तो जोडलेली प्रत्येक डिस्क शोधतो. बॅकअप जोडलेला असेल तर पहिला घास त्याचाच. शिवाय विजेचा झटका आला तर यूएसबीला लागलेलंही काही वाचेलच असं नाही.

दरवेळी हाताने करायचा कंटाळा येत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे. डिस्क जोडली की बदललेल्या फाइल ती आपण होऊन उचलते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. तरी महिन्यातून एकदा तारखेचं स्वतंत्र फोल्डर करावंच, असं माझं मत. वर्षाचा एक दिवस पक्का करायचा तर ३१ मार्च सोयीचा. जगभर तो 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे तसंही त्या दिवशी हिशेब मिटवायची सवय आहे.

फोनमधले फोटोही यात धरा. केबल लावा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि कॅमेऱ्याचे फोटो असतात ते 'डीसीआयएम' फोल्डर उचला. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवर भिस्त ठेवू नका. पाठवताना व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं, आणि पुढे मोठी प्रिंट काढायची झाली की फरक दिसतो.

३. दुसरी प्रत: घराबाहेर

कपाटातली डिस्क घरफोडीत, आगीत किंवा पुरात कॉम्प्युटरसोबतच जाते. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे जी घरं पाण्यात होती, तिथे कपाटंही पाण्यातच होती. फोटोग्राफर मंडळींत पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यासाठीच आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

दुसरी जागा म्हणजे बहिणीच्या घरी ठेवलेली आणखी एक डिस्क चालेल. गणपतीला जाताना घेऊन जायची, दिवाळीला बदलून आणायची. किंवा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीच्या सर्व्हरवरची जागा. गुगलच्या खात्यावर १५ जीबी मोफत असतात, पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी. इतक्यात सगळे फोटो मावणार नाहीत, कागदपत्रं मात्र आरामात मावतात. मोफत जागेत आधी कागदपत्रं टाका, फोटोंसाठी जागा विकत घ्यायची की डिस्कवर भागवायचं ते मग ठरवा. आणि जे गुगल खातं सलग दोन वर्षं उघडलंच नाही ते गुगल डेटासकट काढून टाकू शकतं. घरातल्या वृद्धांच्या नावाने उघडून विसरलेली खाती अधूनमधून लॉग-इन करा.

क्लाउडबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर कॉम्प्युटरवर ठेवलं की जे होतं ते 'सिंक': इथे जे घडतं ते तिथेही घडतं. फाइल पुसली की तिकडची पुसली, व्हायरसने बिघडवली की तिकडचीही बिघडली. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवस फाइल ठेवतो, त्यानंतर ती कायमची जाते. वर्षातून एकदा उघडायच्या फोल्डरातलं काही चुकून पुसलं गेलं तर कळेपर्यंत तीस दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात.

याचं एक फार महागडं उदाहरण २७ जून २०१७ चं. त्या दिवशी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला आणि मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी काही तासांत आंधळी झाली. आपल्याकडे न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्यांच्याशी संबंधित टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मर्स्ककडे कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी याची माहिती सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, आणि ते सतत एकमेकांशी सिंक होत. एक गेला तरी बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदमच पुसले जातील हे कुणी धरलंच नव्हतं. शोधता शोधता एकच शाबूत प्रत सापडली, घानामधल्या कार्यालयात. हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता! लोडशेडिंगचे इतके मोठे उपकार दुसऱ्या कुणावर झाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

घरच्या कॉम्प्युटरला यातून घ्यायचं ते एवढंच: सिंक खुशाल वापरा, सोयीचं आहे. पण वायर काढलेली एक प्रत हवीच.

४. बिटलॉकरची की आजच लिहून ठेवा

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर, विशेषतः विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेलं असेल तर, विंडोजमधलं बिटलॉकर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करतं. चोरी झाली तर हे चांगलंच. पण मदरबोर्ड बदलला, कधी कधी तर नुसतं बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर स्वतःच्याच फाइल स्वतःलाच बंद, आणि मग कुठलाही दुकानदार काही करू शकत नाही. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉग-इन करा, डिव्हाइसच्या यादीतून ती की घ्या, कागदावर छापा आणि पासपोर्टसोबत ठेवा.

५. अपडेट

आता दाराकडे वळू. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशेहून अधिक देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी 'रिमाइंड मी लेटर' दाबलं त्यांना भोवलं. अपडेटचा वेळ रात्रीचा लावा आणि होऊ द्या. ब्राउझर तर आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, बरीच अपडेट त्याशिवाय लागू होत नाहीत.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची सोय मायक्रोसॉफ्टने दिली. ती तात्पुरती मलमपट्टी आहे, तेवढ्या वेळात पुढचं ठरवायचं. मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते टाका. घेत नसेल आणि काम फक्त ब्राउझर, पत्रं आणि यूट्यूब एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. मोफत आहे, जुन्या मशीनवर बरं चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांना मात्र माझा एकच सल्ला आहे, ते आजपासून फोनवर करा.

६. अँटिव्हायरस

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आधीपासून असतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे, आणि स्वतंत्र चाचण्यांमध्येही त्याला चांगले गुण मिळत आले आहेत. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्या. क्विक हीलसारखी पुण्यात उभी राहिलेली कंपनी आपल्या अगदी जवळची, आणि फोनवर मराठीत बोलणारं कुणी हवं असेल तर त्यालाही मोल आहे. पण दोन-दोन अँटिव्हायरस टाकू नका, मशीन रखडतं. लॅपटॉपसोबत आलेला महिनाभराचा ट्रायल संपून नुसताच पडला असेल तर तो अनइन्स्टॉल करा, डिफेंडर आपणहून जागा होतो.

'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये तीन गोष्टी बघा. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू हवं. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं. आणि सगळ्यात खाली 'एक्स्क्लुजन्स'ची यादी, ती फार कमी लोक उघडतात. डिफेंडरने कुठे बघायचं नाही हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामी हवी. कुणी 'जुगाड' करून विंडोज ॲक्टिव्हेट करून दिलं असेल तर तिथे एखादं फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्हच, नोंदलेला सापडतो. म्हणजे पहारेकरी जागा आहे, पण त्याला घराकडे पाठ करून उभं केलंय. ती नोंद काढा आणि मग पूर्ण स्कॅन करा.

त्याच पानावर 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' असतं, ते मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. जुनी सॉफ्टवेअर कधी कधी अडतात, तेव्हा त्यांना यादीत परवानगी द्यावी लागते. एवढी खटपट झेपणार असेल तरच चालू करा.

७. व्हायरस खरंच कुठून येतो

बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. घरगुती मशीनवर मुख्य वाटा या.

क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. फोटोशॉपचं क्रॅक, गेमचं क्रॅक, ऑफिसचा ॲक्टिव्हेटर. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ ठरलेली: 'अँटिव्हायरस बंद करा.' ही ओळ वाचल्यावरही पुढे जायचं असेल तर बाकी सगळा लेख व्यर्थ आहे. घरगुती लोकांना सर्वाधिक छळणाऱ्या रॅन्समवेअरपैकी एक, 'स्टॉप डेजाव्हू', मुख्यतः क्रॅकमधूनच पसरला. पत्रं आणि हिशेबाला लिब्रेऑफिस, फोटोला गिंप किंवा क्रिता, सगळं मोफत आणि सरळ मार्गाचं आहे.

फाइलचं खोटं नाव. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस प्रेमपत्राची टेक्स्ट फाइल म्हणून यायचा. खरं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, व्हीबीएस होतं, पण विंडोज ते लपवायचं. आजही लपवतं! 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ' दिसते. विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. शेवटी ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस किंवा एलएनके असलेलं बिल, पत्रिका किंवा फोटो नसतो.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह. प्रिंट काढून घरी आलात, पेनड्राइव्ह लावला, आणि फोल्डरांच्या जागी सगळे एक-एक केबीचे शॉर्टकट. आयकॉनवर खाली डावीकडे छोटा बाण दिसतो, तीच ओळख. घाबरून फॉरमॅट मारू नका आणि शॉर्टकटवर डबल क्लिक तर मुळीच करू नका. तुमच्या फाइल बहुधा तिथेच आहेत, फक्त लपवल्या आहेत. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. तरीही दिसल्या नाहीत तर 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. कधी कधी सगळं एका बिननावाच्या फोल्डरात कोंबलेलं असतं. फाइल मिळाल्या की त्या कॉपी करून घ्या आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी प्रिंटची पीडीएफ दुकानाला ईमेलने पाठवा. पेनड्राइव्ह न्यायचाच असेल तर प्रिंटपुरता वेगळा रिकामा ठेवा, त्यावर दुसरं काही नको.

'मी रोबोट नाही'. ही चाल गेल्या काही वर्षांत फोफावली आहे. एखाद्या साइटवर रोबोट नसल्याची खूण करायला सांगतात. खूण केली की नवीन सूचना येते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्याने 'रन'ची चौकट उघडते, दुसऱ्याने साइटने गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवलेली आज्ञा त्यात पडते, तिसऱ्याने ती चालते. व्हायरस तुम्ही स्वतःच्या हाताने पेस्ट करून बसवलात, मग अँटिव्हायरसने तरी काय करावं? कुठलीही खरी साइट कॅप्चासाठी कीबोर्डची अशी कसरत करायला लावत नाही.

फोन नंबरवाला इशारा. पूर्ण पडदाभर लाल-निळं, भोंगा वाजतोय, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.' मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही. ते फक्त एक वेबपान असतं. एस्केपचं बटण दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. ब्राउझर परत उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. फोन केलात तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क हे दुरून मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर उतरवायला सांगेल, आणि मग मशीन त्याच्या हातात.

८. किरकोळ, पण करा

मुलांना वेगळं 'स्टँडर्ड' खातं द्या, म्हणजे त्यांच्या गेमला तुमचा पासवर्ड विचारल्याशिवाय सहसा काही बसवता येणार नाही. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावा. बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, म्हणून तेच सर्वांत आधी. राउटरचा 'ॲडमिन-ॲडमिन' पासवर्ड बदला.

विजेचं म्हणाल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि ते कळतं वीज गेल्यावरच. म्हणून कधीतरी सगळं सेव्ह करून मुद्दाम प्लग काढून बघा. चालू असताना मशीन अचानक बंद पडणं हार्ड डिस्कला आणि उघड्या फाइलना दोघांनाही मानवत नाही. डिस्कची तब्येत बघायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. निळा 'गुड' ठीक. पिवळा 'कॉशन' दिसला तर त्याच दिवशी बॅकअप घ्या, उद्यावर टाकू नका.

९. झालंच काही, तर

फाइल चुकून पुसली: रिसायकल बिन बघा. पेनड्राइव्हवरून पुसलेलं तिथे सहसा जात नाही. बिनमध्ये नसेल तर त्या डिस्कवर काहीही लिहिणं लगेच थांबवा. 'रेकुव्हा' किंवा 'फोटोरेक' दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि सापडलेल्या फाइलही दुसऱ्याच डिस्कवर घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, पेनड्राइव्हवर, मेमरी कार्डावर यश मिळण्याची चांगली शक्यता असते. लॅपटॉपमधल्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, फार आशा धरू नका. पुसलेली जागा ती 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे पार्श्वभूमीत स्वतःच साफ करून टाकते.

डिस्क टकटक आवाज करतेय: बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतलं हेड पृष्ठभागावर घासत असेल तर प्रत्येक वेळी आणखी डेटा खरवडला जातो. डेटा रिकव्हरीवाले ती धूळमुक्त खोलीत उघडतात, आणि बिल सहज पाच आकडी होतं. आधी अंदाज लेखी घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात ती उघडू देऊ नका.

दुरुस्तीला देताना: "फॉरमॅट मारू का?" या प्रश्नाला फोनवर गडबडीत "हो" म्हणू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे सी ड्राइव्हवरच असतात, हे त्यालाही सांगा आणि पावतीवर 'डेटा हवा आहे' असं लिहून घ्या.

व्हायरसची शंका आली: नेट तोडा, वाय-फाय बंद किंवा वायर बाहेर. बॅकअपची डिस्क आता अजिबात जोडू नका. डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन स्वतः रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची मोफत साधनं मिळतात. तोवर फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणं हाच हल्लीच्या बऱ्याच व्हायरसचा धंदा आहे, म्हणून 'सगळीकडून लॉग-आउट' हा पर्यायही दाबा. तरी मनाची खात्री होत नसेल तर सरळ 'रीसेट धिस पीसी' करून सगळं पुसा आणि नव्याने सुरुवात करा. बॅकअप असेल तर हा निर्णय पाच मिनिटांत होतो.

फाइली कुलूपबंद झाल्या: खंडणी देऊ नका, किल्ली मिळेल याची काहीही हमी नसते. पडद्याचा फोटो काढा, खंडणीची चिठ्ठी आणि दोन-चार बिघडलेल्या फाइल जपून ठेवा. युरोपोल, डच पोलिस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर त्या तपासा. काही जातींच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात. आज नसेल तर वर्षभराने मिळू शकते, म्हणून बिघडलेल्या फाइलही लगेच फेकू नका.

पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, मग बाकी सगळं. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत रोखली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवून फोन करा आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते. त्याच दिवशी बँकेलाही ईमेल करा आणि त्याची प्रत ठेवा.